मुरूम आलाय, बाबा

नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, आणि 'ई' तर अजिबात करू नकोस.

मी एक जुना खड्डा आहे. रस्त्यावरचा नाही, एका मुलीच्या हनुवटीवरचा, डाव्या कडेला. आणि आधीच सांगतो, माझं तिच्यावर प्रेमबिम काही नाही. आमचं पहिल्यापासून हाडवैर.

सुरुवातीला मी नुसतं एक छिद्र होतो, केस जाईल एवढं. आतून तेल यायचं, बाहेर निघून जायचं, कुणाची तक्रार नव्हती. मग ती चौदाची झाली आणि आतल्या ग्रंथींना असा चेव आला की विचारू नकोस. तेलच तेल. त्यात मेलेल्या कातडीचा भुगा. वरून हॉकीचं हेल्मेट, कारण ही शाळेची गोलकीपर. त्या हेल्मेटच्या पट्ट्याला हनुवटीवर बसणारी एक वाटी असते, ती रोज दोन तास घामासकट मला घासायची. बसलं बूच. मी आत कोंडलो.

तेव्हा मी पांढरा होतो, मोहरीएवढा. नाकावर माझे भाऊबंद होते. त्यांची तोंडं उघडी, म्हणून हवा लागून काळी पडलेली. घरातल्या आत्याला वाटायचं ती घाण.

"तोंड धू की गं नीट. चूल फुंकून आल्यासारखी दिसतेस."

"सहा वेळा धुतलं आत्या."

"मग सातव्यांदा धू."

ही साबणानं खसाखसा घासायची. मळ नव्हताच तो, निघणार काय? कातडी तेवढी सोलवटली. आम्ही आत बसून मजा बघत होतो.

मग कोंडलेल्या तेलात जंतू माजले. शरीरानं त्यांच्यावर फौज पाठवली आणि त्या मारामारीत मी लाल झालो, ठणकायला लागलो. दोन दिवसांनी डोक्यावर पू. आत्यानं टूथपेस्ट थापली, मी आणखी चिडलो. आणि शनिवारी मोठ्या संघाच्या निवडीचा सामना. पट्टा नीट आवळला नाही तर हॉकीच्या मॅडम मैदानात उतरू देत नाहीत, आणि आवळला की मी डोळ्यांतून पाणी काढतो. तिची जागा घ्यायला दुसरी एक मुलगी टपूनच होती.

आता खरी गंमत ऐक. तिचे बाबा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतात. रोलरवर असताना मुकादमाचा फोन उचलत नाहीत, घरचाच तेवढा उचलतात, म्हणून मुकादम घरी फोन करतो आणि ही बाबांना निरोप देते. बाबा, खडी आलीय. बाबा, डांबर आलंय. घरात आई नाही, त्यामुळे नडलं की विचारायचं बाबांनाच. बुधवारी दुपारी तिनं आरशासमोरून फोन लावला. चार वेळा लावला, तेव्हा उचलला.

"बाबा, मुरूम आलाय."

"किती?" रोलरच्या धडधडीत बाबा ओरडले.

"एकच. पण मोठाय."

"कुठंय?"

"खाली, डाव्या कडेला. काय करू?"

"करायचं काय त्यात? पाणी मारायचं आणि दाबायचा. चांगला बसेपर्यंत दाबायचा, नाहीतर वर येतो परत."

फोन बंद.

तिनं पाणी मारलं. दोन्ही अंगठे लावले आणि दाबला. तिला वाटलं मी बाहेर फुटेन. मी फुटलो आत. पू खोलात गेला आणि संध्याकाळपर्यंत माझी गाठ झाली, सुपारीएवढी, टणक.

बाबा घरी आले ते तणतणत. "रोलर घेऊन गेलो खालच्या कडेला, तर मुरमाचा पत्ता नाही. मुकादम म्हणतो, कुठला मुरूम? कुणी सांगितलं तुला आलाय म्हणून?"

तिनं फक्त हनुवटी वर केली.

आत्या म्हणाली, "फिरवलास ना रोलर पोरीच्या तोंडावर?"

"तू गप्प बस."

"मी गप्पच आहे. तिची हनुवटीच बोलतेय."

शनिवारी मॅडमनी पट्ट्यात बोट घालून बघितलं. "ढिला आहे. आवळ, नाहीतर बाहेर."

जागेवर टपलेली ती दुसरी म्हणाली, "राहू दे ना गं. मी उभी राहते, तू बर्फ लावत बस."

हिनं आवळला. मी काय दया दाखवणार होतो? अख्खा पूर्वार्ध ठणकलो. तरी हिनं तीन चेंडू अडवले. मग चौथा आला, सरळ, सोपा, आणि मी जीव खाऊन कळ मारली. तिचा हात पट्ट्याकडे गेला. एवढाच वेळ. चेंडू आत.

निवड झाली दुसरीची.

मग बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दाबलं कुणी?" लेकीनं बापाकडे बोट दाखवलं, बापानं लेकीकडे. "अशी गाठ आली की दुसऱ्या दिवशी यायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही. मलम रोज, आणि तीन महिने धीर. ती वाटी रोज धुवायची."

तिनं केलं सगळं. नाकावरचे गेले, कपाळावरचे गेले. माझी गाठ विरली आणि मी उरलो, खड्डा होऊन.

एकदा तिनं विचारलं, "बाबा, हा बुजेल का?"

ज्या माणसानं जन्मभर खड्डे बुजवले तो म्हणाला, "रस्त्यावरचा असता तर आज बुजवला असता गं." आणि चहा तसाच ठेवून कामावर निघून गेला.

आज सकाळी उजव्या कडेला एक नवा आलाय. लाल, ताजा, मस्तवाल. पुढच्या आठवड्यात परत निवड आहे. मला काय, मला शेजारी हवाच आहे. म्हणून मीच आतून म्हणतोय, दाब, दाब. ती आरशासमोर उभी आहे, दोन्ही अंगठे वर केलेले. दारात बाबा येऊन थांबलेत, डबा हातात, आणि या वेळी तोंडातून शब्द काढायची त्यांना भीती वाटतेय. ती माझ्याकडे बघतेय, मग त्या नव्याकडे, मग परत माझ्याकडे.

ते अंगठे तुझे असते, तर तू काय केलं असतंस?