ऐकलं तेवढंच लिहा

साथ आली, विद्यापीठाला कुलूप लागलं आणि बाईंच्या गणिताच्या वर्गाचे झाले काळे चौकोन. पडद्यावर ओळीनं चौकोन, प्रत्येकाखाली एक नाव, आणि आवाज म्हणाल तर फक्त बाईंचा. "समजलं का?" असं विचारावं तर उत्तर नाही. "नाही का समजलं?" तरी नाही! अहो, भिंतीशी बोलावं तर ती निदान आपल्या घरातली तरी असते. बाई आधी चिडायच्या, मग स्वतःशीच हसायच्या आणि मग दुप्पट चिडायच्या.

विषय होता सिद्धतांचा. आकडेमोड नव्हे बरं का. एखादी गोष्ट खरी का आहे, हे पायरी पायरीनं पटवून देणं. पहिल्या वर्षाला हा विषय बाईंनी भांडून सुरू करून घेतला होता. आता विभागप्रमुख म्हणाले, साथीच्या काळात असले लाड परवडत नाहीत.

"तयार व्हिडिओ मिळतात. मुलं बघतील, खाली चार पर्याय असतील, एकावर टिचकी मारतील. झाली परीक्षा!"

"सर, सिद्धतेला पर्याय कसे देणार?"

"देतात हो. हल्ली सगळे देतात."

बाईंनी डोकं खाल्लं, तेव्हा कुठं त्यांनी सत्र संपेपर्यंतची मुदत दिली. सत्राच्या शेवटी ते स्वतः कुणाही एका विद्यार्थ्याला तोंडी विचारणार. त्याला सिद्धता नीट देता आली, तर विषय बाईंकडे राहील. नाही आली, तर विषय बंद आणि व्हिडिओ सुरू. माणूस वाईट नव्हता, पण भारी घाईचा. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मान डोलावून मोकळा.

वर्गात एक मुलगी होती. पोरं तिला घुमी म्हणायची, कारण कॉलेज चालू असतानाही तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. पडद्यावर तर तिचा काळा चौकोनसुद्धा दिसेना. बाईंनी शेवटी साधा फोन लावला.

"मॅडम, आमच्याकडे नेट दारापर्यंत येतं आणि परत जातं," घुमी म्हणाली.

"मग फोनवरच शिकवते. ऐक. आता ही संख्या घे आणि तिच्यातून ती वजा कर..."

"मॅडम, कुठली ही? आणि कुठली ती?"

बाईंचं बोट हवेतच राहिलं. इतकी वर्षं त्या फळ्यावर बोट ठेवून शिकवत आल्या होत्या. हे इथून तिथं, ते याच्यावरून. निम्मी सिद्धता त्यांच्या बोटात होती, आणि फोनवर बोट दिसत नाही.

त्यांच्या घरात तेव्हा त्यांची धाकटी नणंद अडकलेली. तिचं ब्यूटी पार्लर बंद, गावी जायची वाट बंद, तोंड तेवढं चालू. बाईंनी तिला कागद-पेन देऊन पाठमोरं बसवलं.

"मी सांगते, तू लिही. ऐकलं तेवढंच लिहायचं, मनाचं काही नाही. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते. का? तर प्रत्येकीत दोन-दोनच्या जोड्या लावल्या की एक उरतो. मग ते दोघं एकत्र आले की झालं."

"कोण दोघं एकत्र आले?" नणंद वळून म्हणाली. "आणि झालं म्हणजे काय झालं, वहिनी? लग्न?"

बाई पोट धरधरून हसल्या. हसता हसता थांबल्या. मग उठल्या आणि दुसऱ्याच दिवशी वर्गाला नवा नियम लावून टाकला. जोड्या करायच्या, साधा फोन लावायचा. एकानं सिद्धता बोलायची, दुसऱ्यानं ऐकली तेवढीच लिहायची. बोलणाऱ्यानं ‘हे’ आणि ‘ते’ म्हणायचं नाही. लिहिणाऱ्याला पटलं नाही, तर त्यानं एकच शब्द बोलायचा : का? जोडीदार मिळाला नाही, तर घरातल्या माणसाला धरायचं.

काय गहजब झाला म्हणून सांगू! जोड्यांची भांडणं झाली, दोघांनी आठवडाभर अबोला धरला. एकाचा मामा ‘का?’ विचारायला इतका सोकावला की पोरगा जेवणाचं ताट घेऊन गच्चीवर पळाला. पण हळूहळू बाईंचा फोन खणखणायला लागला. "मॅडम, आई म्हणते ही पायरी पटत नाही. आणि आता मलाही पटेनाशी झालीय!" बाईंना आनंदानं आभाळ ठेंगणं झालं. वर्षानुवर्षं शिकवूनही पोरांच्या तोंडून जे वाक्य निघालं नव्हतं, ते आता रोज कानावर पडत होतं.

घुमीचं ऐकणारं माणूस मात्र वेगळं होतं. तिचे वडील रुग्णवाहिका चालवायचे. दुसऱ्यांचे आजारी पोहोचवता पोहोचवता आजार स्वतःच घेऊन आले आणि घरातल्याच एका खोलीत बंद झाले. घुमी दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि बंद दाराला सिद्धता सांगायची. ते आत जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे आणि कागद दाराच्या काचेला लावून दाखवायचे.

"बरे आहेत ना गं?" बाई विचारायच्या.

"ताप वाढला की ‘का’ कमी विचारतात, मॅडम." मग एक दिवस ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काल एकदाही नाही विचारलं."

सत्र गेलं खड्ड्यात, विषय गेला खड्ड्यात, तो माणूस वाचू दे, असं बाईंनी नणंदेला सरळ बोलून दाखवलं. रोज सकाळी फोन लावायचा आणि रोज घुमी म्हणायची, अजून नाही. आणि मग एका सकाळी फोन तिचाच आला.

"मॅडम! बाबा आज ओळी-ओळीला ‘का’ म्हणतायत! मला पुढं जाऊच देत नाहीयेत!"

बाईंनी नणंदेचे दोन्ही हात धरून स्वयंपाकघरात फुगडी घातली. दूध उतू गेलं, जाऊ दे म्हणाल्या.

सत्र संपलं. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाई आणि प्रमुख विभागातल्या मोठ्या वर्गात टेबलाच्या दोन बाजूंना उभे. तोंडाला मास्क, खिडक्या सताड उघड्या, बाकांवर धुळीचा थर. सगळा वर्ग ऐकायला जोडलेला. प्रमुखांनी संगणकावरची हजेरी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि बोट घुमीच्या नावावर ठेवलं.

"ही बघा. हिची तर हजेरी शून्य. हिलाच विचारू."

घुमीला येत होतं, त्यात शंका नव्हती. पण पोरीनं आजवर चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, आणि उघडलं नाही तर सगळंच मुसळ केरात. बाईंनी फोन लावून टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि खडू प्रमुखांच्या हातात दिला.

"आमच्याकडे परीक्षक लिहितो, सर. ऐकलं तेवढंच."

"बरं बाई, तसं तर तसं," प्रमुख हसले. "आणि सोपंच विचारतो. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे सिद्ध कर."

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणी नीट भागत नाही ती. दोन, तीन, पाच, सात, अशा. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. मग घुमीचा आवाज आला, सावकाश, पण खणखणीत.

"सर, तुम्ही तुम्हाला हव्या तितक्या मूळ संख्या गोळा करा. तुमच्याकडे नसलेली एक तरी मी दाखवते."

प्रमुखांनी लिहिलं.

"गोळा केलेल्या सगळ्यांचा गुणाकार करा. त्यात एक मिळवा. येईल तिला म्हणू नवी संख्या."

लिहिलं. ही सिद्धता त्यांच्या हाताला इतकी पाठ की खडू थांबेच ना. "आता नवी संख्या..." घुमीनं सुरुवात केली, तोवर प्रमुखांनी पुढची ओळ लिहून खाली रेघही मारली. खडू ठेवला, हात झटकले.

"शाब्बास! आलं आलं. पुरे."

"सर, काय लिहिलंत ते वाचून दाखवाल?"

प्रमुखांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. मग वाचलं, "नवी संख्या मूळ आहे, आणि ती आपल्याकडे नव्हती."

"नाही सर. हे मी म्हटलं नाही."

बाई फोनकडे झुकल्या. हिनं प्रमुखांना अडवलं?

"अगं, म्हटलं नाहीस, पण पुढं तेच येतं ना?"

"का?" घुमी म्हणाली.

उद्धटपणा औषधालाही नव्हता. दाराआडून तिला रोज जसं विचारलं जायचं, अगदी तसंच तिनं विचारलं. प्रमुखांनी ठेवलेला खडू पुन्हा उचलला.

"सर, दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा घ्या. गुणाकार तीस हजार तीस. एक मिळवला, तीस हजार एकतीस. नवी संख्या मूळ नाही. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ करून बघा."

प्रमुखांनी फळ्याच्या कोपऱ्यात गुणाकार केला. उत्तर आलं तीस हजार एकतीस. मास्कच्या दोऱ्या अडकवलेले त्यांचे कान लाल झाले. डस्टर सापडेना, तेव्हा त्यांनी ती रेघ मारलेली ओळ सरळ तळहातानं पुसली.

"मग तू काय म्हणणार होतीस?"

"नव्या संख्येला निदान एक तरी मूळ संख्या नीट भागतेच. पण तुमच्याकडच्या कुठल्याही संख्येनं तिला भागलं, तर बाकी एक उरते. म्हणजे नव्या संख्येला नीट भागणारी मूळ संख्या तुमच्याकडे नाही. नवी संख्या स्वतः मूळ असो की नसो."

या वेळी प्रमुख शब्द संपेपर्यंत थांबले आणि मग लिहिलं. पुन्हा थांबले, पुन्हा लिहिलं. शेवटची ओळ झाल्यावर मागं सरकून त्यांनी सगळा फळा वाचला, एखाद्या पहिल्या वर्षाच्या पोरासारखा, मास्कआड पुटपुटत.

"इतक्या वर्षांत मला कुणी अडवलं नाही," ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "व्हिडिओ लावला असता तर त्यालाही कुणी अडवलं नसतं. विषय राहतो, बाई. तुमच्याकडेच राहतो, आणि असाच शिकवायचा."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती पुसलीसुद्धा नाही. टेबलावरचा फोन दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

"मॅडम," फोनमधून दबका आवाज आला, "सर चिडले का हो?"

"चिडतात कसले!" बाई रडता रडता ओरडल्या. "जिंकलीस गं पोरी! आता हा वर्ग बंद करायची कुणाच्या बापाची हिंमत आहे?"

तिकडे प्रमुखांनी फळा स्वच्छ पुसला, नवा खडू घेतला आणि फोनच्या दिशेनं कान केला.

"आणखी एक सांग," ते म्हणाले. "मी ऐकतोय."