पाच नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे. त्या पाट्यांवर पाढे असतात, माझ्यावर माणसे असतात. एका छोट्या शिडाच्या जहाजावर, मागच्या बाजूला, पाण्यात उतरायच्या शिडीशेजारी मी चार स्क्रूंच्या आधारावर गेली अठरा वर्षे नोकरी करते आहे.

माझा जन्म एका कपाटाच्या दारातून झाला. सुताराने ते दार उलटे बसवले, त्यावरून आचाऱ्याने सुताराचा भरपूर उद्धार केला आणि वाया गेलेल्या दाराची मी झाले. माझी डावी बाजू पांढरी रंगवून तिच्यावर लिहिले ‘जहाजावर’. उजवी निळी, तिच्यावर ‘पाण्यात’. दोन्हीकडे पितळी हूक लावले आणि हुकांना नंबर घातलेले लाकडी बिल्ले. हवेची टाकी पाठीवर घेऊन समुद्रात उतरणाऱ्याने आपला बिल्ला निळ्या बाजूला टांगायचा आणि परत आला की पांढऱ्या. निळी बाजू रिकामी झाल्याशिवाय नांगर उचलायचा नाही. खाली लाल रंगात एकच नियम आहे: ‘आपला बिल्ला आपणच हलवावा.’ माझे एकूण शिक्षण एवढेच.

सुरुवातीला मला फार मान होता. कप्तान नव्या पाहुण्यांना आधी मला दाखवायचा, मग न्हाणीघर. पुढे माझी इतकी सवय झाली की माणसे माझ्याकडे बघून निश्चिंत होऊ लागली आणि एकमेकांकडे बघायची बंद झाली. रिकाम्या हुकांवर ओले पंचे आले. एका गृहस्थाने तर अकरा नंबरवर आठवडाभर चड्डी वाळवली. मी काही बोलले नाही. पाट्या बोलत नाहीत, हा आमच्यातला मोठा दोष आहे.

तो दोष मला ज्या सफरीत खुपला, तिच्यात एक आई, एक बाबा आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी होती. तिला सगळे चिंगी म्हणत. आईला बोट लागायची, म्हणून ती खोलीत आडवी असे. बाबांचा बिल्ला पाच नंबरचा. पाण्यातून आले की पाहिलेल्या माशांचे वर्णन करण्यात ते इतके रंगत की बिल्ला हलवायचे हटकून विसरत. मग सगळे जहाज त्यांना पाण्यात शोधी आणि ते चहा पीत सापडत. अशा विसराळूंना कप्तानाची शिक्षा ठरलेली होती: आचाऱ्याकडे बसून टोपलीभर कांदे सोलायचे.

“बाबा, तुम्ही रडताय?” चिंगीने विचारले.

“छे गं, कांदा आहे.”

“काल पण कांदाच होता.”

तिसऱ्या दिवशी सहा पाहुणे आणि त्यांना बुडी शिकवणारी मास्तरीणबाई, असे सात बिल्ले निळ्या बाजूला लागले. रबरी होडीने त्यांना तीन फेऱ्यांत दूरच्या खडकाजवळ सोडले. आकाश गढूळ झाले होते. “वारा फिरतोय,” कप्तान म्हणाला. “बाराच्या आत निघायचं.”

खडकाजवळ काय झाले ते मला नंतर कळले. आधी चौघे वर आले: बाबा, त्यांचे पाण्यातले जोडीदार दातवाले काका आणि एक नवे जोडपे. होडीत जागा तिघांचीच. “तुम्ही व्हा पुढे,” बाबा म्हणाले. “मी या तरंगत्या बोयाला धरून थांबतो.” चांगला माणूस. अशीच माणसे मागे राहतात.

तिघे जहाजावर आले. दातवाल्या काकांनी आपला बिल्ला हलवला आणि ते थेट खाली जाऊन झोपले. नव्या जोडप्याने एकमेकांचे बिल्ले हलवले. मला नाक असते तर मी मुरडले असते. चिंगी ते सगळे पाहत होती. तिला वाटले, दातवाले काका आले म्हणजे बाबाही आले, कारण ते दोघे कायम बरोबर असतात. आणि हे दोघे एकमेकांचा बिल्ला हलवतात, तर बाबांचा आपण का हलवू नये? आज त्यांना कांदे नकोत. ती खोक्यावर चढली आणि तिने पाच नंबर निळ्यावरून काढून पांढऱ्यावर टांगला.

होडीवाला दुसऱ्या फेरीला निघता निघता थबकला. “पाच नंबर वर?” तो स्वतःशीच म्हणाला. “पोहत आले वाटतं. कालच बढाया मारत होते.” निळीकडे तीनच बिल्ले दिसले, म्हणून तो बोयाकडे न जाता थेट खडकाच्या पलीकडे जाऊन मास्तरीणबाई आणि उरलेल्या दोघांना घेऊन आला.

“सगळे?” कप्तानाने विचारले.

मास्तरीणबाईने माझ्याकडे पाहिले. “सगळे.”

मग कप्तानानेही माझ्याकडे पाहिले. नांगर उचलला, शिडे चढली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच मी खोटे सांगत होते आणि माझ्यावर शंका घ्यायचे कोणाच्याही मनात आले नाही.

आज कांदे नाहीत, हे सांगायला चिंगी खोलीत गेली. आई एकटीच झोपली होती. चिंगीने न्हाणीघर पाहिले, स्वयंपाकघर पाहिले, दोरखंडांची खोली पाहिली. परत माझ्यासमोर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. लाल अक्षरे तिने ओठ हलवत वाचली. मग हळूच पाच नंबर काढून पुन्हा निळ्या बाजूला टांगला आणि कोणीतरी पाहील म्हणून बाजूला उभी राहिली.

मी आता खरे सांगत होते, पण चालत्या जहाजावर मला कोण पाहतो? आचारी आला आणि त्याने आपला ओला एप्रन नेमका पाच नंबरवर अडकवला. चिंगीने तो काढला.

“अगं, वाळू दे की त्याला,” म्हणत त्याने तो परत अडकवला.

तिने समुद्राकडे पाहिले. खडक बोटाच्या नखाएवढा झाला होता. मग ती सुकाणूपाशी गेली.

“कप्तानकाका, पाच नंबर पाण्यात आहे.”

“निळी बाजू रिकामी होती, चिंगे. मी स्वतः पाहिली.”

“ती मी रिकामी केली.”

कप्तान ओरडला नाही. त्याने घड्याळ पाहिले. बिल्ला हलल्याला पाऊण तास झाला होता. शिडे उतरली, इंजिन सुरू झाले, जहाज मागे वळले. दातवाल्या काकांना उठवले. “तो बोयाला धरून होता ना,” ते डोळे चोळत म्हणाले. “आणला नाहीत?”

बोयापाशी पोहोचलो. बोया होता. बाबा नव्हते.

आई वर आली. तिला बोट लागायची थांबली होती. ती चिंगीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. कप्तानाने एक रिकामे खोके पाण्यात टाकले आणि पाण्याची ओढ त्याला कुठे नेते ते पाहिले. मग जहाज खोक्याच्या मागे निघाले. मास्तरीणबाई डोलकाठीवर चढली. लाटांवर फेस येऊ लागला होता आणि प्रत्येक लाट माणसाच्या डोक्यासारखी दिसत होती.

“उजवीकडे,” ती वरून म्हणाली. “नारिंगी काहीतरी आहे.”

पाणबुडे कमरेला एक नारिंगी नळी गुंडाळून ठेवतात. अडचणीत ती तोंडाने फुगवून उभी धरायची असते. ओढीने बोया सुटल्यावर बाबांनी ती धरली होती, दोन्ही हातांनी.

त्यांना वर ओढले तेव्हा त्यांचे ओठ जांभळे झाले होते. “मला वाटलं,” ते म्हणाले, “तुम्ही सगळे जेवायला बसलात.”

“चूक माझी,” कप्तान म्हणाला. “पाटी पाहिली. माणसं मोजली नाहीत.”

“माझी पण,” चिंगी म्हणाली. असू दे, असे तिला कोणीही म्हटले नाही. आईने तिला जवळ मात्र घेतले.

मग बाबा माझ्यासमोर आले. कोणीतरी एप्रन दूर केला. त्यांची बोटे इतकी गारठली होती की बिल्ला हुकातून निघेना. चिंगीचा हात आपोआप वर गेला, अर्ध्यात थांबला, आणि तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. सगळे जहाज वाट पाहत उभे राहिले. तिसऱ्या खेपेला पाच नंबर पांढऱ्या बाजूला आला.

त्या दिवसापासून कप्तान निघण्यापूर्वी प्रत्येकाला समोर उभे करून हाक मारतो आणि ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने ओ द्यायची असते. माझा मान थोडा कमी झाला. मला ते आवडते.

मित्रांनो, माझी लाल अक्षरे आता पुसट झाली आहेत. जमल्यास कोणी रंग द्या. मी लाकूड आहे, तुम्ही सांगायला लावाल तेच सांगते. म्हणून माझ्यावर विसंबताना माणसांकडेही बघा. आणि हातून चूक झालीच, तर ती गुपचूप मागे फिरवून कोणीतरी पाहील म्हणून थांबू नका, जाऊन सांगा. चिंगी माझ्याजवळ सात मिनिटे थांबली होती. समोरच्या घड्याळावर मी ती मोजली. बाबांनी ती पाण्यात काढली.