आधी जेव

"आधी जेव," हमजा म्हणाला आणि त्याने बिर्याणीचा डबा कामाच्या टेबलावर उघडून ठेवला.

नझीरच्या हातातला पाना थांबला. बुधवारची भर दुपार, कुवेतच्या सालमियातलं त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान, आणि अहमदीला नोकरी करणारा हा गाववाला अर्धी रजा टाकून हजर. ईदशिवाय तोंड न दाखवणारा माणूस!

ही रीत त्याला चांगलीच ठाऊक होती. बाणकोटच्या खाडीकाठच्या त्यांच्या गावात सरकारी फोनची वाट पाहून लोकांचे केस पिकले, तेव्हा गावाने स्वतःच टेलिफोनची सहकारी संस्था काढली. श्रमदानाने खांब रोवले, जेटीजवळच्या खोलीत बोर्ड बसवला आणि बोर्डावर बिल्कीसआपा बसली, ती तीस वर्षं उठली नाही. कुवेतहून फोन आला की ती घरच्यांना बोलावून आणायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं, सगळं तिला आधी ठाऊक. तिने एकच कडक नियम घातला होता. वाईट बातमी फोनवर ज्याची त्याला द्यायची नाही. कुवेतमधल्या दुसऱ्या गाववाल्याला सांगायची. त्याने जायचं, जेवू घालायचं, शेजारी बसायचं आणि मग तोंड उघडायचं. हा दुसरा गाववाला बहुतेक वेळा नझीरच असायचा. अकरा जणांना त्याने असं जेवू घातलं होतं.

"कोन गेला?" त्याने विचारलं.

"काय नाय रे. सहज आलो."

'सहज' हा शब्द नझीरनेही अकरा वेळा वापरला होता. त्याने गावी घरी फोन लावला. आई उचलेना. बायको नूरीही उचलेना. आईला खोकला झालाय, थोडासाच, असं नूरी काल म्हणाली होती. थोडासाच म्हणजे किती? हमजाने त्याच्या हातून फोन काढून घेतला आणि टेबलावर उलटा ठेवला. नझीरची खात्रीच पटली.

जेवल्याशिवाय हा बोलणार नाही, हेही त्याला माहीत होतं. त्याने चार घास कसेबसे गिळले.

"आता सांग. आई?"

"आई बरी हाय. ती नि नूरी आपाच्या घरी गेल्यात." हमजाने खाली पाहिलं. "बिल्कीसआपा सकाली गेली."

नझीरने सुटकेचा श्वास टाकला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मग मात्र त्याला रडू आवरेना. कुणाचीही बातमी सांगण्याआधी ती बाई त्यालाही न चुकता विचारायची, "नझीर, तू जेवलास ना?"

"तुना गावातून कोनी फोन केला?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"कोनी नाय. संस्था बंद होऊन आठ वर्सा झयली, आता कोन करतोय? गावच्या ग्रुपवर आला. तू ग्रुप म्यूट करून ठेवतोस, ता मना ठाव हाय. मी साइटवर उभ्या उभ्या वाचला. आजूबाजूला सगली परकी मानसा. तुना तसा कलायला नको, म्हनून आलो."

नझीरने उरलेल्या बिर्याणीकडे पाहिलं.

"तू जेवलास?"

हमजाने नकारार्थी मान हलवली. नझीरने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, डबा त्याच्यापुढे सरकवला आणि तो जेवेपर्यंत शेजारी बसून राहिला.