गाईडबाईंचे बिननाडीचे बूट

मित्रांनो, माझ्याकडे पाहाल तर आधी सुरकुत्याच दिसतील. दिसू देत. मी चामड्याच्या बुटांचा तपकिरी जोड आहे, हाताने शिवलेला. माझ्या वयाचे बूट एव्हाना कुठल्या कुठे गेले. मी मात्र रोज सकाळी कामावर जातो. दोन बूट असूनही मी स्वतःला ‘मी’च म्हणतो, कारण एकटा डावा किंवा एकटा उजवा कुणाच्या काय कामाचा?

मला नाडी नाही, बक्कल नाही. पाय सरकवला की झाले. यात फॅशनचा काही संबंध नव्हता. ज्यांच्यासाठी मला बनवले, त्या बाईंचा डावा गुडघा लहानपणीच्या आजारानंतर नीट वाकत नसे आणि तो पाय उजव्यापेक्षा जरा आखूडही राहिला होता. नाडी बांधायची तर दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागे, आणि हाक मारणे बाईंना मुळीच आवडत नसे.

त्या एका मोठ्या संग्रहालयात पाहुण्यांना माहिती सांगत. पहारेकऱ्यांपासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना गाईडबाई म्हणत. दिवसभर दगडी फरशीवर उभे राहायचे, जिने चढायचे, शाळेच्या मुलांच्या गलक्यावर आवाज चढवायचा, हे काही खायचे काम नव्हते.

मला शिवणाऱ्या कारागिराचे दुकान गल्लीच्या तोंडाशी होते. माणूस बोलायला तुसडा, हाताला मात्र मऊ. त्याने बाईंना कागदावर उभे करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, “आता जरा चालून दाखवा.”

“माप झालं ना?”

“पायाचं झालं. चालीचं राहिलंय.”

मग त्याने लाकडी साचे तासले, ओले चामडे त्यांवर ताणून बसवले, आरीने भोके पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने तळ शिवला. डाव्या बुटाच्या आत त्याने बुचाचे थर एकावर एक चिकटवून उंचवटा केला. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताही लागू नये असा.

पहिले काही दिवस मी बाईंना चावलो. हळूहळू चामडे सैलावले आणि पायाने माझ्यात आपले घर केले. आतल्या तळावर पाचही बोटांचे ठसे उमटले. बाईसुद्धा माझी निगा राखण्यात भारी कडक. घरी आल्या की मऊ फडक्याने पुसायचे, अधूनमधून मेण चोळायचे. भिजलो तर आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचे, शेगडीजवळ कधीच नाही. तळ झिजला की कारागीर नवा शिवून देई. अशी वर्षे गेली. बाईंचे केस पांढरे झाले, मी काळपट झालो.

बाईंची धाकटी बहीण त्यांच्याबरोबर राही. मनाने प्रेमळ, पण माझ्यावर तिचा दात.

“ताई, हे बूट आहेत की भाजलेली वांगी?” ती विचारी.

“वांगी चालत नाहीत. हे चालतात,” बाई म्हणत.

मग संग्रहालयात नवे दालन उघडायचे ठरले. मोठमोठी माणसे येणार म्हणून धाकटीने ताईसाठी चकचकीत नवे बूट आणले, आत उंचवटा नसलेले, आणि मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकले. बाईंनी बहिणीचे मन मोडले नाही. शिवाय अलीकडे मला घालून चालताना त्यांची कंबर दुखू लागली होती. बुटांचे वय झाले, असे त्यांनाही वाटले असावे. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

माळ्यावर ओल होती आणि पिशवीत हवा नव्हती. मला बुरशी धरली. चामडे ताठले, उजव्या तळाची शिवण उसवली. बाईंचे पाऊल खाली वाजले की मी कान देऊन ऐकायचो. नव्या बुटांचा आवाज वेगळा होता, पाऊल घाबरत टाकल्यासारखा.

एके संध्याकाळी धाकटीचा रडवेला आवाज कानावर आला. बाई नव्या दालनाच्या जिन्यावरून पडल्या होत्या. मनगटाचे हाड मोडले होते. संचालकांनी निरोप धाडला होता की बरे वाटले की तिकिटांच्या खिडकीत बसा, पगार तोच राहील. त्यांनी तो भल्या मनानेच धाडला होता. पण बाई उसळल्या.

“तिकिटं फाडायला मी तिथे गेले नव्हते. मला मुलांबरोबर चालायचंय.”

“अगं, पण चालणार कशी?”

“माझे बूट काढ.”

धाकटी शिडीवर चढली. पिशवी उघडताच तिने नाक दाबले. मग ती मला आपल्या बाहीनेच पुसू लागली.

बाईंचा हात बरा होत आला तेव्हा दोघी मला घेऊन दुकानात गेल्या. कारागीर आता खुर्चीत बसून असे. त्याचे हात थरथरत, म्हणून काम लेक पाही. मला पाहून तो ताठ बसला.

“माझाच जोड! तळ बदल, पोरी. आतल्या उंचवट्याला हात लावू नकोस. तो मी मोजूनमापून केलाय.”

लेकीने मला पालथे ठेवले. कितीतरी वेळ ती नुसती पाहत राहिली.

“बाबा, डावी टाच बाहेरच्या अंगाने झिजलीय बघा. बाईंचा सगळा भार तिकडे जातोय. उंचवटा कमी पडतोय. उघडून बघायला हवं.”

“चामडं जुनं आहे. फाटलं तर पुन्हा शिवता यायचं नाही!”

सगळ्यांनी बाईंकडे पाहिले. माझा जीव दोऱ्यात अडकला होता.

“उघडा,” बाई म्हणाल्या.

लेकीने घाई केली नाही. बुरशी पुसून तिने मला तेल पाजले, चामडे मऊ होईपर्यंत वाट पाहिली आणि मगच शिवण उकलली. आत बुचाचे थर दबून चपटे झाले होते. कडेने त्यांचा चुरा निघाला.

म्हातारा त्या चुऱ्याकडे पाहत म्हणाला, “म्हणजे मी चुकलो होतो?”

“नाही हो बाबा. तेव्हा बरोबरच होतं. त्यानंतर बाई इतकी वर्षं चालल्या. बूच दबलं, चालही बदलली.”

त्याने चुऱ्याची चिमूट बोटांत चोळून पाहिली. मग खाकरून म्हणाला, “उंची वाढव. आणि टाच बाहेरून जरा रुंद कर. मी तेच सांगणार होतो.”

लेक हसू दाबत कामाला लागली. नवी भोके पाडली तर चामडे फाटेल, म्हणून तिने जुन्याच भोकांतून एकेक टाका ओढला. तरीही एके ठिकाणी ते फाटलेच. तिथे तिने फिकट रंगाचे ठिगळ लावले. ते मी कधी लपवत नाही.

बाई पुन्हा कामावर गेल्या त्या दिवशी संचालक त्याच जिन्याच्या पायथ्याशी हात पुढे करून उभे होते, जणू त्या आत्ताच पडणार होत्या. मागे शाळेची मुले होती. बाईंनी कठडा धरला. एक पायरी, दुसरी, तिसरी. पाऊल सपाट पडत होते, मला कळत होते ना! वर पोचून त्या वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “साहेब, खिडकीत दुसऱ्या कुणाला तरी बसवा!” मुले हसली, संचालकही हसले आणि बाई त्या सगळ्यांना घेऊन पुढच्या दालनात शिरल्या.

मित्रांनो, तुमच्या बुटांना पिशवीत कोंडू नका. पुसा, वाळवा, घाला. झिजले म्हणून फेकायच्या आधी एकदा पालथे करून पाहा. आणि घरात कुणी अलीकडे हळू चालत असेल, पायरीवर थबकत असेल, तर त्याच्या बुटांचे तळही पाहा. आपले काय दुखते ते पुष्कळ माणसे सांगत नाहीत. आम्ही सांगतो.