सुनावणीचा चेहरा

मनोरुग्णालयात आम्हाला आमचे हक्क समजावून सांगायला आलेली बाई फार गोड बोलायची. "मिसेस किवेला, तुम्हाला इथं डांबून ठेवलंय असं वाटत असेल तर मंडळापुढं दाद मागा. वकीलही फुकट मिळेल."

मी लगेच हो म्हटलं. मला घरी जायचं होतं, तेही तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आत. आर्वोची मासेमारीची लाकडी खोपी अजून बर्फावरच उभी होती. आर्वो, माझा नवरा, त्याच खोपीत वारला, हातात गळ धरून. त्याच्यामागं मी दोन रात्री तिथं बसून राहिले, तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि त्यांनी मला इथं आणून टाकलं. नवरा गेल्यावर बाईनं कुठं बसायचं हे आता पोलीस ठरवतात! खोपी किनाऱ्याला ओढली नाही तर बर्फाबरोबर तीही तळाशी जाणार होती. आर्वोचं तेवढंच उरलं होतं.

माझ्या खोलीतली ओडेट स्वतः दोनदा सुनावणी हरलेली, त्यामुळे वॉर्डाची मास्तरीण तीच.

"रडायचं नाही," ती म्हणाली. "रडलीस की अस्थिर, चिडलीस की आक्रमक. आणि हसलीस तर संपलंच."

"मग करू तरी काय?"

"बँकेतल्या बाईसारखा चेहरा कर. अगं, ही तर दाढ दुखणारी बाई झाली!"

रोज सकाळी लापशी खाताना तिची शिकवणी चालायची. ती मध्येच म्हणायची, "आर्वो मेला," आणि मी चमचा न थांबवता घास गिळायचा. पहिल्यांदा ठसका लागला. पुढं पुढं जमायला लागलं, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमानही वाटला.

सुनावणीला मंडळाचे तिघं, माझा वकील आणि डॉक्टर. तिघांतल्या म्हाताऱ्या गृहस्थानं चष्मा काढून मायेनं विचारलं, "नवऱ्याची आठवण येते का हो?"

घशाशी हुंदका आला. तो मी लापशीसारखा गिळला. "येते. पण मी सावरलेय."

"हेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले. "एवढं दुःख, आणि चेहऱ्यावर रेघ नाही. तळ्यावर परत गेल्या तर काय करतील, सांगता येत नाही."

माझं डोकंच फिरलं. कानफटात द्यावीशी वाटली त्यांच्या. पण तेही लिहून ठेवलं असतं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. मी आतच राहणार. वकील म्हणाला, पुढं कोर्टात जायचाही तुम्हाला हक्क आहे. हक्कांना इथं काही तोटा नाही. खिडकीबाहेर छपरावरचा बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या. माझ्यानं तिकडं बघवेना.

ओडेट माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. आता तिची तिसरी सुनावणी जवळ आली होती.

"म्हणजे रडायला हवं होतं?" तिनं विचारलं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती गं?"

मला कुठं माहीत होतं! "तू रड," मी म्हटलं, "कुठं थांबायचं ते मी सांगते."

ती रडायला लागली. आधी नाटकी, मग खरंखुरं. मी काही तिला थांबवलं नाही, कारण माझेही डोळे वाहायला लागले होते. किती दिवसांनी रडत होते मी!

तेवढ्यात दार वाजलं. गोळ्यांचा ट्रे घेऊन सिस्टर आत आली.

"काय चाललंय बायांनो?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो, अगदी बँकेतल्या बायांसारख्या.