कागदावरची नाडी

आमच्या गावच्या अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर चार खाटा आहेत. तिथे फुकट राहायचं, बदल्यात भोंगा वाजला की पळायचं, आणि वर्षाच्या आत प्रथमोपचाराची परीक्षा पास व्हायचं. पगार नाही. मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा आपटले की खाट सोडून ओहायोला मावशीकडे जायचं, आणि मावशीकडे नऊ मांजरं आहेत.

दोन्ही वेळा कारण एकच, मी बोलायला विसरले. या परीक्षेत हातापेक्षा तोंड जास्त चालवावं लागतं. ‘हातमोजे घातले’, ‘ऑक्सिजन लावला’, ‘अँब्युलन्स बोलावली’ असं मोठ्याने म्हणायचं. खरं कोणी काही बोलावत नाही. नाडीवर बोटं ठेवायची, पण आकडा परीक्षक हातातल्या कागदावरून सांगणार. तो सांगेल ती नाडी.

“टेसा, हाताला सगळं येतं गं तुझ्या, तोंडाचीच दातखीळ बसते,” आमच्या कॅप्टन गेल म्हणायच्या. खाट त्यांच्या शब्दावर मिळाली होती, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परीक्षेतला रुग्ण नेहमी ऑरव्हिल स्टँबॉ. तीस वर्षं बंब चालवून निवृत्त झालेला म्हातारा. अभिनय भयंकर. पाय मोडायचा असला की चर्चमध्ये गातात तसा विव्हळायचा. रक्तातली साखर उतरायची असली की परीक्षकाला आई म्हणायचा. त्या शनिवारी सकाळी केंद्राच्या हॉलमध्ये सगळ्यांचा नाश्ता होता, तिथे पॅनकेकच्या रांगेत मला म्हणाला, “पोरी, आज साखर उतरणारेय माझी. बडबड करीन. घाबरू नकोस.”

“तुम्ही गप्प असता कधी?” मी म्हटलं.

दहा वाजता मला हॉलमध्ये बोलावलं. ऑरव्हिल टेबलांच्या मधे जमिनीवर पडला होता. विव्हळणं नाही, बडबड नाही. चेहरा राखाडी, कपाळावर घाम.

“घाम छान जमलाय आज,” जिल्ह्याहून आलेले परीक्षक डनलॅप म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहिलं.

“हातमोजे घातले,” मी म्हटलं. या वेळी आठवलं म्हणून मला बरंही वाटलं. मग मानेवर बोटं ठेवली. “नाडी लागत नाही.”

“आहे. एकशे दहा.”

“नाहीये.”

“एकशे दहा,” त्यांनी कागद माझ्याकडे फिरवून दाखवला. छापलेलं होतं.

मी त्याच्या तोंडाशी गाल नेला. श्वास नव्हता. “अँब्युलन्स बोलवा!”

“बोलावली,” डनलॅप म्हणाले. “पुढे?”

“अहो, खरी बोलवा!”

“खरी बोलावली. पुढे?”

मेला तो कागद! मी उठले, तीन पावलांवरचं भोंग्याचं बटण दाबलं, परत येऊन ऑरव्हिलची छाती दाबायला लागले.

भोंगा वाजल्यावर आमची माणसं काय करतात? पळतात. पॅनकेक टाकून सगळे माझ्या अंगावरून उड्या मारत बंबाकडे पळाले. दीड मिनिटात हेल्मेटसकट गाडीत बसले. एवढ्या चपळाईने ते कधीच निघाले नव्हते. मग गेल वायरलेसवर ओरडल्या, “पत्ता काय?”

“हाच!” मी हॉलमधून किंचाळले. “आपलाच पत्ता! ऑरव्हिल!”

सगळे उतरले. गेलनी शॉक द्यायचं यंत्र आणलं. दुसऱ्या शॉकला म्हातारा कण्हला. अगदी साधं, कसलाही अभिनय नसलेलं कण्हणं. मी तिथेच भोकाड पसरलं, खोटं कशाला सांगू.

डनलॅपनी अहवालात लिहिलं, ‘रुग्णाने नेमून दिलेली भूमिका पाळली नाही. सबब परीक्षा रद्द.’ म्हणजे नापास नाही, पासही नाही. मांजरं तीन महिन्यांनी पुढे गेली.

तीन महिन्यांनी रुग्ण कोण? ऑरव्हिल. गेलनी नको नको म्हटलं तर त्यांच्यावरच डाफरला, “पोरीने तीन बरगड्या मोडल्यात माझ्या. तिला पास झालेलं मी बघणार.” आणि आडवा झाला. डनलॅपकडे तोच कागद होता.

मी सगळं बोलले. हातमोजे बोलले, अँब्युलन्स बोलले. मग मानेवर बोटं ठेवली.

“नाडी आहे,” डनलॅप म्हणाले. “एकशे दहा. पुढे?”

पुढे जायचं होतं. बोटं उठेनात. मी घड्याळाकडे बघून मोजत राहिले.

“पुढे,” डनलॅप म्हणाले. “वेळ चाललाय.”

ऑरव्हिल डोळे न उघडता पुटपुटला, “पोरी, एकशे दहा म्हण आणि हो मोकळी. नाहीतर नापास होशील.”

“गप्प पडा,” मी म्हटलं. “बाहत्तर आहे.”