हवेत राहिलेली खारूताई

मित्रांनो, एका पत्राचं उत्तर माझ्याकडून राहून गेलं होतं. ते आठवलं की अजून माझे दिवे लुकलुकतात.

मी एक जुना राउटर आहे. घराचा टपालवालाच म्हणा ना! कुणी पडद्यावर काही पाहू लागलं, की 'पुढचं चित्र पाठवा' अशी इवली इवली पत्रं माझ्याकडे येतात आणि मी त्यांची उत्तरं पोचवतो. कारखान्यातून आलो तेव्हा बैठकीच्या खोलीत मला मानाची जागा होती. "काय पळतो हा!" असं बाबा पाहुण्यांना सांगत. पुढे धूळ बसू नये म्हणून आजीनं मला लोकरीचा अंगरखा विणला आणि आईनं मला स्वयंपाकघरात, पत्र्याच्या डब्यांमागे ठेवलं. त्यात माया होती, पण जीव गुदमरायचा. मित्रांनो, आम्हालाही मोकळी हवा लागते हो.

त्या दिवशी घरातल्या मुलीची कसरतीची स्पर्धा परगावाहून थेट दाखवत होते. तिला सगळे खारूताई म्हणत. ती धावली, उडाली, हवेत उलटी झाली आणि चित्र थिजलं. डोकं खाली, पाय वर. मध्ये ते मेलं चक्र गरगरू लागलं.

"अरे, तिला खाली उतरवा कुणीतरी!" आजी किंचाळली.

"आई, चित्र अडकलंय, पोरगी नाही," म्हणताना बाबांचाच आवाज चिरकला. तिच्या जन्मावेळी ते दवाखान्याच्या बाकावर रात्रभर गप्प बसले होते म्हणे. आता त्यांना अर्ध्या मिनिटाचाही धीर निघेना. ते टीव्हीला थापट्या मारू लागले.

"मानेवर पडली असेल तर?" आईनं डोळे गच्च मिटले. "तिच्या सरांना फोन लावा ना!"

"उचलत नाहीत," बाबा फोन कानाशी धरून म्हणाले.

मी हादरलो. एरवी असा उशीर झाला की माणसं चिडतात, दुसरं काहीतरी लावतात. आज कुणालाही दुसरं काही लावणं सुचत नव्हतं.

आईसाठी पाणी आणायला आजी आत आली. डब्यांमागे तिचा हात मला लागला.

"अगं बाई! हा तर तापानं फणफणलाय!"

तिनं स्वतः विणलेला अंगरखा ओढून काढला, डबे ढकलले, वायर पुरेल तितकं मला दाराशी आणलं आणि चक्क ताटलीनं वारा घातला.

हळूहळू जिवात जीव आला. टीव्हीचं ते 'पुढचं चित्र पाठवा' पत्र तसंच पडून होतं. मी उत्तर रवाना केलं.

त्यात खारूताईचे दोन्ही पाय जमिनीवर होते.